घरातला संप असो की खडकवासला धरण, पाण्याचे प्रश्न दोनच. विश्वेश्वरैय्यांनी ते असे सोडवले

फिश टँकचा नाद लागला की माणूस कधी ना कधी संप बनवायला बसतोच. संप म्हणजे कामगारांचा नाही, पाण्याचा.

मरीन प्लायची पेटी करायची, आतून इपॉक्सीचे दोन-तीन हात मारायचे आणि मध्ये आडोसे लावून कप्पे पाडायचे. टँकमधून ओव्हरफ्लो झालेलं पाणी खाली येतं, स्पंज आणि सिरॅमिक रिंग्जमधून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो.

सुतारकाम जमून जातं. खरी डोकेदुखी दोन गोष्टींची. पाणी कमी खर्चात स्वच्छ कसं ठेवायचं? आणि लाइट जाऊन पंप बंद पडला तर वरून येणारं जास्तीचं पाणी सांभाळायचं कसं?

नेमके असेच दोन प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंजिनिअरसमोर होते. फक्त त्याच्यासमोर टँक नव्हता, अख्खं शहर होतं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरैय्या. जन्म १५ सप्टेंबर १८६०, गाव म्हैसूर संस्थानातलं मुद्देनहळ्ळी. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत बंगळुरूत बीए केलं आणि संस्थानची स्कॉलरशिप मिळवून थेट पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. तेच आजचं सीओईपी. १८८३ ला इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले.

सुरुवातीच्या कामातलं एक होतं धुळे भागात, दातर्तीजवळ. पांझरेच्या खोऱ्यात पाइपचा सायफन टाकून पाणी पलीकडे न्यायचं होतं. भर पावसात ते काम त्यांनी तडीस नेलं.

मग १८९४ च्या सुमारास सिंधमधल्या सक्करला बदली झाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. शहराला सिंधू नदीचं पाणी द्यायचं होतं, पण ते गढूळ. गाळण्यासाठी फिल्टर बेड बांधायचे, तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नाही.

विश्वेश्वरैय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूच्या थरांतून झिरपलेलं स्वच्छ पाणी विहिरीत जमायला लागलं आणि तिथून पंपाने वर चढवलं गेलं. थोडक्यात, नदीची वाळू हाच फिल्टर. पहिला प्रश्न सुटला.

दुसरा प्रश्न पुण्यात वाट बघत होता.

१८९९ मध्ये ते पुण्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणावर शहराचं पाणी आणि मुठेचे कालवे अवलंबून होते. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात कमी पडायचं. सांडव्यावर भिंत चढवावी तर पुराच्या वेळी धरणालाच धोका.

त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. एरवी दरवाजे बंद, म्हणून पाणी जास्त साठायचं. ठरलेल्या पातळीच्या वर पाणी गेलं की त्याच्याच जोरावर दरवाजे उघडायचे आणि पूर ओसरला की आपोआप बंद व्हायचे. मध्यरात्री कोणी जागं असो वा नसो. हे झालं १९०३ मध्ये. या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं, पण सरकारी नोकरीत असल्याने रॉयल्टी घेतली नाही.

पुढचा प्रवास बहुतेकांना माहिती आहे. मुंबई सरकारची नोकरी सोडली, मुसी नदीच्या पुरानंतर हैदराबादला सल्ला दिला, म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, कृष्णराजसागर धरण उभं केलं, १९१२ ते १९१८ दिवाण राहिले. १९५५ ला भारतरत्न मिळालं.

पण पुण्यातल्या गोष्टीचा शेवट बाकी होता.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि ते जुनं धरणही फुटलं. निम्मं पुणं पाण्याखाली गेलं. विश्वेश्वरैय्या तेव्हा शंभरी पार करून हयात होते. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९६२ ला त्यांचं निधन झालं.

दरवाजे पावसाचा पूर सांभाळायला होते. वरचं धरणच खाली येईल, हा हिशोब त्या जुन्या धरणाच्या रचनेत नव्हता.

म्हणून घरी संप करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तो काठोकाठ भरू नका. वरून जास्तीत जास्त किती पाणी येऊ शकतं ते आधी मोजा आणि तेवढी जागा रिकामी सोडा. पंपाच्या परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडा, म्हणजे लाइट गेल्यावर सायफन तिथेच तुटतो. पाण्याच्या पातळीनेच काम करायचं, माणसाने जागं राहून नाही. खडकवासल्याचे दरवाजेही असेच चालायचे.