कोलू पाटील कोहळी : नवेगांव तलावाचा कर्ता

राजांचीं व सेनापतींचीं चरित्रें आपण नेहमीं वाचतों. परंतु एकहि लढाई न मारतां ज्यानें एका सबंध मुलखाच्या धानास पाणी दिलें, अशा पुरुषाची ओळख विद्यार्थ्यांस क्वचितच होते. म्हणून आम्ही येथें कोलू पाटलांचें अल्प चरित्र देत आहों.

कोलू पाटील हे कोहळी जातीचे. चांद्याचा एक गोंड राजपुत्र काशीस गेला असतां त्यानें या लोकांचें कसब पाहिलें व त्यांस आपल्या मुलखांत आणिलें, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. भंडारा व चांदा भागांत त्यांनीं दोन गोष्टींत नांव मिळविलें : तलाव बांधणें आणि ऊंस पिकविणें. जवळ कोणतेंहि यंत्र नसतां, केवळ नजरेनें जमिनीचा उतार जोखून कोठें पाळ घातली असतां पाणी अडेल, हें ते ओळखीत. तलाव बांधणारास त्याखालीं भिजणारी जमीन देण्याची चाल चांद्याच्या गोंड राजांनीं पाडली होती. त्यामुळें अशा कामास उत्तेजन मिळे.

या भागाचें मुख्य पीक धान. पाऊस पुष्कळ पडतो, पण हस्ताच्या पावसानें दगा दिला म्हणजे निसवत आलेलें धान शेतांतच वाळतें. ही उणीव ओळखून कोलू पाटलांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं नवेगांवच्या डोंगरांमध्यें बांध घातला. जुन्या गॅझेटिअरांत या तलावाचा घेर सुमारें १७ मैल व क्षेत्र सुमारें ५ चौरस मैल दिलें आहे. आज हें स्थळ गोंदिया जिल्ह्यांत मोडतें.

तलावाभोंवतींच्या शिखरांस सात बहिणी म्हणतात. बांध पुरा करण्यास त्यांनीं कोलूस साहाय्य केलें, अशी कथा आहे. आम्हांस तिचा अर्थ असा वाटतो कीं, एवढें काम एकट्याचें नव्हे, हें लोक विसरले नाहींत. कोलूनें जागा हेरली. टोपल्या वाहिल्या त्या गांवच्या स्त्रीपुरुषांनीं. पुढें लोकांनीं कोलूस कोलासूर देव मानिलें व एका शिखरावर त्याचें ठाणें स्थापिलें.

परंतु तलाव बांधण्यापेक्षां तो राखणें कठिण. गाळ काढणें, पाळीस माती घालणें, पाण्याच्या पाळ्या ठरविणें हीं कामें पिढ्यान् पिढ्या गांवानेंच केलीं. इ. स. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारजमा झाले. जुलमी हक्क गेले हें बरेंच झालें. पण त्यांबरोबर देखरेखीचा वारसाहि सुटला. पूर्व विदर्भांतील सहा हजारांहून अधिक तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे बोलण्यांत 'मामा तलाव' झाले, आणि त्यांपैकीं पुष्कळांत गाळ व बेशरमीचीं झुडपें माजलीं.

सुदैवानें कथा येथें संपत नाहीं. अलीकडे अर्जुनी मोरगांव तालुक्यांत धिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनीं कांहीं तलावांतील बेशरम उपटून तेथें मूळच्या पाणवनस्पती लाविल्या. त्यांच्या आश्रयानें देशी मासे वाढूं लागले व पाखरेंहि येऊं लागलीं. यांस आम्ही कोलू पाटलांचेच वारस समजतों.

आम्हां जरीपटक्याच्या रहिवाशांस कन्हान व पेंच नद्यांचें पाणी नळानें घरीं येतें. त्यासाठीं एक टोपलीहि उचलावी लागत नाहीं. म्हणूनच ज्या विद्यार्थ्यांस नवेगांवास जाण्याचा योग येईल, त्यांनीं तेथील राष्ट्रीय उद्यान व हिवाळी पक्षी अवश्य पाहावे. पण आधीं पाळीवर क्षणभर उभें राहावें. पायांखालची माती कोणीतरी डोक्यावर वाहून आणिली आहे, आणि ती वाहून जाऊं नये म्हणून दर पिढीस तिजवर नवी माती घालावी लागते.