बोटांना अक्षरओळख करून देणारा शिक्षक

अंध मुलांसाठी जगातील पहिली शाळा काढणारे व्हॅलेंटिन हाउई यांचा जन्म १३ नोव्हेंबर १७४५ रोजी फ्रान्समधील एका खेड्यात, विणकराच्या घरी झाला. थोरले बंधू रने-जुस्त हे पुढे स्फटिकशास्त्राचे जनक म्हणून विख्यात झाले. व्हॅलेंटिन यांचा ओढा भाषांकडे होता. अनेक भाषा आत्मसात करून ते पॅरिसमध्ये अनुवादाचे काम करू लागले.

१७७१ साली पॅरिसमधील सेंट ओव्हिडच्या जत्रेत त्यांनी एक दृश्य पाहिले. काही अंध माणसांना टोकदार टोप्या आणि बिनभिंगाचे पुठ्ठ्याचे चष्मे घालून मंचावर बसविले होते. समोर त्यांना कधीच दिसू न शकणाऱ्या स्वरलिपीच्या वह्या मांडल्या होत्या. ती माणसे बेसूर वाद्ये वाजवीत होती आणि जमलेली गर्दी पोट धरून हसत होती. हाउई यांना त्या हसण्याची शरम वाटली. अंधांच्या हाती खरे पुस्तक द्यायचे आणि त्यांनी ते खरोखर वाचायचे, हा निश्चय त्यांच्या मनात तेथे रुजला.

तो प्रत्यक्षात येण्यास तेरा वर्षे लागली. १७८४ मध्ये त्यांना चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रान्स्वा लेस्यूर हा तरुण भेटला. तान्हेपणीच त्याची दृष्टी गेली होती आणि घरच्यांचे पोट त्याच्या भिकेवर अवलंबून होते. शिकण्यासाठी वेळ दिल्यास त्याची मिळकत बुडणार होती. ती भरपाई हाउई यांनी स्वतःच्या खिशातून दिली. लाकडी अक्षरे चाचपून तो वाचायला शिकला. एकदा टेबलावरील छापील पत्रिकेच्या पाठीमागे उमटलेला अक्षराचा उठाव लेस्यूरच्या बोटांना जाणवला, असे सांगतात. त्यातूनच ओल्या जाड कागदावर मोठे खिळे दाबून उठावाची अक्षरे छापण्याची रीत सिद्ध झाली.

१७८५ मध्ये शाळा सुरू झाली. वाचन, गणित, भूगोल, संगीत आणि हातकाम हे तेथील विषय होते. १७८६ च्या नाताळात मुलांनी व्हर्साय येथे सोळाव्या लुईसमोर आपली विद्या दाखविली. ज्यांची जागा भिकाऱ्यांच्या रांगेत ठरलेली होती, ती मुले राजदरबारात पुस्तक वाचीत होती.

पुढे राज्यक्रांती झाली. शाळा सरकारकडे गेली, मग नेपोलियनच्या राजवटीत ती अंधांच्या आश्रमगृहात विलीन करण्यात आली आणि १८०२ मध्ये हाउई यांना पदावरून दूर केले गेले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १८०६ मध्ये ते झारच्या निमंत्रणावरून रशियाला निघाले आणि सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी अंधांची शाळा उभारली. १८१७ मध्ये ते थकलेल्या शरीराने पॅरिसला परतले, तेव्हा त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेचे दार तत्कालीन प्रमुखाने त्यांना बंद ठेवले. प्रमुख बदलल्यावर, १८२१ मध्ये, संस्थेने त्यांना सन्मानाने बोलावले आणि मुलांनी त्यांच्यासाठी गायन-वादन केले. पुढल्याच वर्षी, मार्च १८२२ मध्ये, त्यांचे निधन झाले.

त्या सत्काराच्या वेळी संस्थेत बारा वर्षांचा एक मुलगा शिकत होता. त्याचे नाव लुई ब्रेल. हाउई यांची पुस्तके अवजड होती. डोळसांच्या अक्षरांचे आकार बोटांनी ओळखण्यास वेळ लागे आणि ती लिपी मुलांना स्वतः लिहिणे कठीण जाई. ब्रेलने वयाच्या पंधराव्या वर्षी सहा टिंबांची लिपी रचली आणि हाउई यांची अक्षरे मागे पडली. पण अंध मूल बोटांनी वाचू शकते, ही गोष्ट हाउई यांनी आधी सिद्ध केली नसती, तर त्या मुलाला शिकायला शाळाच मिळाली नसती.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल स्वीकारली गेली, आणि मराठी बाराखडीही त्याच सहा टिंबांत सामावली. त्या टिंबांत हाउई यांनी घडविलेले एकही अक्षर नाही. आपल्या पद्धतीहून चांगली पद्धत आपल्याच शाळेतील विद्यार्थ्याने शोधावी, यापरते शिक्षकाचे यश ते कोणते?