लोहाराचा पोर आणि गाडीचा काटा

एप्रिल-मे महिन्यात भरलेली जीप धारूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट चढायला लागली की ड्रायव्हरची एक नजर रस्त्यावर आणि दुसरी टेंपरेचरच्या काट्यावर असते. काटा स्थिर असेल तर काळजी नाही. पण तो मध्येच 'एच'कडे उडी मारतो, खाली येतो, पुन्हा वर जातो, तेव्हा खरा पेच पडतो. इंजिन खरंच तापतंय, की काटाच खोटं बोलतोय? काट्याला खोटं ठरवून गाडी दामटली आणि इंजिन खरंच तापलेलं असलं, तर हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं आणि गाडीमालकाचा सगळा हंगाम बुडतो.

हा काटा ज्या गुणधर्मावर चालतो, तो पहिल्यांदा नोंदवणाऱ्या माणसाला आपण ट्रान्सफॉर्मर आणि मोटरसाठी ओळखतो. मायकेल फॅरडे. या काट्याशी त्यांचा संबंध मात्र फारसा कुणी सांगत नाही.

फॅरडेंचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनच्या न्यूइंग्टन बट्स भागात झाला. वडील लोहार, त्यात तब्येतीने कायम आजारी. शाळा म्हणजे लिहिणं-वाचणं आणि जुजबी हिशोब, एवढीच. चौदाव्या वर्षी पोरगं जॉर्ज रीबो नावाच्या बुकबाइंडरकडे सात वर्षांच्या उमेदवारीला लागलं. बांधणीला आलेली पुस्तकं ते वाचून काढायचं. विजेची पहिली ओळख झाली ती अशीच बांधणीला आलेल्या ब्रिटानिका कोशातून!

1812 साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने नोट्स काढल्या, आकृत्यांसह स्वच्छ लिहिल्या, स्वतः बाइंडिंग केलं आणि सुमारे 300 पानांचं ते पुस्तक थेट डेव्हींना पाठवून दिलं. (परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्सच्या झेरॉक्ससाठी धावणाऱ्या आम्ही यावर काय बोलणार!) मार्च 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला 25 शिलिंग.

पुढचा रस्ता काही गुळगुळीत नव्हता. डेव्हींबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेले तेव्हा डेव्हींच्या पत्नीने त्यांना नोकरासारखंच वागवलं. 1824 साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेही खुद्द डेव्हींचा विरोध असताना. उच्च गणित त्यांना कधीच आलं नाही. त्यांच्या कल्पनांना समीकरणांत बसवण्याचं काम पुढे मॅक्सवेलने केलं. फॅरडेंचा भरवसा एकाच गोष्टीवर होता: स्वतः करून बघायचं. 29 ऑगस्ट 1831 रोजी लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन पाहिलं, हे आपण सगळे शिकलोय.

आता आपला काटा. 1833 मध्ये कोणते पदार्थ वीज वाहून नेतात हे ते तपासत होते. त्यात सिल्व्हर सल्फाइड आलं. चांदीचे पैंजण काळे पडतात ना, तो काळा थर म्हणजे हेच. थंड असताना त्यातून वीज जेमतेम जाई. खाली दिवा धरला तर गॅल्व्हॅनोमीटरचा काटा चढला. दिवा काढला, काटा उतरला! धातू तापला की त्याचा रोध वाढतो, इथे सगळं उलटं. फॅरडेंनी ते जसं दिसलं तसं लिहून ठेवलं.

गाडीच्या कूलंटमध्ये बुडालेला सेन्सर याच गुणावर चालतो. पाणी तापलं की रोध घटतो, करंट वाढतो, काटा चढतो. नेहमीच्या एका प्रकारच्या सेन्सरचा रोध 20 अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, तो 80 अंशाला तीनशेच्या घरात येतो.

तेव्हा काटा नाचत असेल तर एका वेळी एकच गोष्ट तपासा. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मगच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर वाफेने तोंड भाजेल. पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर सेन्सर कधी पाण्यात, कधी वाफेत राहतो. अशा वेळी काट्याकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. गळती शोधा, पाणी भरा, हवा काढा. पाणी बरोबर असूनही काटा सावकाश वर-खाली होत असेल तर थर्मोस्टॅट अडकत असेल. बहुतेक थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून ते बघता येतं.

पण हेडलाइट लावताच काटा हलला, तर इंजिनला दोष देऊ नका. एवढं पाणी एका सेकंदात तापत नाही आणि निवतही नाही. अर्थिंगची वायर ढिली असेल, कनेक्टर गंजला असेल. तिथे सँडपेपर आणि पाना पुरतो. तरी शंका राहिली तर सेन्सर काढून गरम पाण्यात धरा आणि मल्टिमीटर लावा. पाणी निवताना रोध एकसारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर सेन्सर बदला. हा प्रयोग म्हणजे 1833 चाच, फक्त चांदीचा काळा थर नाही.

त्या निरीक्षणाचा असा उपयोग फॅरडेंच्या हयातीत झाला नाही. या गुणावर चालणारे थर्मिस्टर व्यवहारात यायला 1930 चं दशक उजाडलं. त्यांनी सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नाकारलं. उतारवयात त्यांची स्मरणशक्ती फार कमी झाली. 25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्ट इथल्या घरी ते वारले. प्रयोगवहीतल्या प्रत्येक नोंदीला ते क्रमांक देत, तो 16 हजारांच्या पुढे गेला होता. फसलेल्या प्रयोगांनाही त्यात क्रमांक आहेत.