वैद्यराज गार्सिया द ओर्ता आणि आपली निर्गुडी

देवस्थानाच्या स्मरणिकेत एका परदेशस्थ, परधर्मीय वैद्याचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही महाजनबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चरित्राच्या ओघात मिळेलच. तूर्त एवढेच निवेदन करतो की, उतारवयात गुडघे सुजले म्हणजे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी जो पाला तव्यावर गरम करून बांधतात, त्या निर्गुडीचे गुण छापील ग्रंथाच्या द्वारे युरोपास कळविणारे ते हे गृहस्थ होत.

गार्सिया द ओर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालातील काश्तेलू द व्हीद या गावी झाला. त्यांचे आईवडील मूळचे यहुदी. १४९२ मध्ये स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली तेव्हा ते पोर्तुगालात आले. परंतु १४९७ मध्ये तेथेही सक्तीने धर्मांतर पदरी आले. सालामांका व अल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे अध्ययन करून ओर्ता स्वग्रामी परतले. पुढे लिस्बन येथे त्यांनी अध्यापनही केले. नव्याने बाटलेल्यांवरील संशय मात्र दिवसेंदिवस वाढत होता. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तीं आफोंसु द सोझा या सेनानीचे वैद्य म्हणून ते गलबतावर चढले आणि सप्टेंबरात गोव्यास उतरले. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा झाले नाही.

यानंतरची तीस-चौतीस वर्षे त्यांनी या भूमीवर काढली. लष्कराबरोबर ते दीवकडे गेले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे ते वैद्य व स्नेही झाले. मुंबई बेटाचाही इजारा त्यांजकडे आला. तथापि त्यांचा खरा जीव औषधी वनस्पतींत गुंतलेला होता. गोव्यातील आपल्या बागेत त्यांनी झाडपाला लावला, बाजारातील व्यापाऱ्यांस पदार्थांची नावे व उत्पत्तिस्थाने विचारली, हकीम व हिंदू वैद्य यांच्याशी चर्चा केली. मालूपा नावाचा एक हिंदू वैद्य त्यांच्या ग्रंथात संवाद करताना आढळतो.

तो ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. लॅटिन ही विद्वानांची भाषा बाजूस सारून त्यांनी तो पोर्तुगीजमध्ये, संवादरूपाने लिहिला. हिंग, आले, हळद, हिरडा, अफू अशा अनेक द्रव्यांबरोबर त्यात निर्गुडीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वेदना व सूज यांवर हा पाला तेलात परतून बांधतात आणि लोकांत त्यास फार मोठी मागणी आहे, असे त्यांनी नमूद केले. त्यांनी लिहिलेले नेगुंदो हे नाव पुढे युरोपीय ग्रंथांत रूढ झाले आणि १७५३ मध्ये लिनेयसने या झाडाच्या शास्त्रीय नावात, विटेक्स नेगुंडो असे, ते कायम केले.

ओर्ता आंधळे भक्त नव्हते. आपल्याकडील वैद्यांस शरीररचनेचे ज्ञान नाही, हा दोष त्यांनी स्पष्टपणे दाखविला. त्याचबरोबर, स्वतःच्या विद्येने गुण येईना तेव्हा याच वैद्यांचे उपाय आपण योजतो, हेही त्यांनी संकोच न करता कबूल केले. प्राचीन ग्रीक आचार्यांच्या वचनापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले त्यांना अधिक प्रमाण वाटे.

हीच कसोटी आज आपणही लावावयास हवी. वयोमानाने शरीरात मंद दाह सतत धुमसत राहतो आणि अनेक जुनाट व्याधींस तो साह्यभूत होतो, हा विचार इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउदियो फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये मांडला. निर्गुडीच्या अर्काने सूज उतरते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मनुष्यावरील पुरावा मात्र अद्याप तोकडा आहे. म्हणून दुखऱ्या गुडघ्यास पाल्याचा शेक अवश्य द्यावा. परंतु सांधा एकाएकी लाल व ऊन झाला, अंगात ताप आला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात निवर्तले. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशनची स्थापना झालेली होती. त्यांच्या पश्चात भगिनी कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून त्यांचेही दहन झाले. ज्या राजसत्तेची त्यांनी आयुष्यभर सेवा केली, त्याच सत्तेच्या छायेत हे घडले.

महाजनबंधूंनो, सालांकडे लक्ष द्यावे. ज्या दशकात हा ग्रंथ छापला गेला, त्याच दशकात साष्टीतील देवळे पाडली गेली आणि आपले पूर्वज श्रींच्या मूर्ती घेऊन रातोरात खाडीपार अंत्रुज महालात गेले. आपल्या पूर्वजांस देव उघडपणे पूजता येईना. ओर्तांच्या घरीही स्वतःचा देव बहुधा मनातच पूजला जात होता. म्हणून हे गृहस्थ आपणांस सर्वस्वी परके नव्हेत.

आज पणजीच्या नगरोद्यानास त्यांचे नाव आहे. दमणगंगेच्या खोऱ्यात ओढ्याकाठी, बांधावर निर्गुडी आजही वाढते. वारली व कोकणा बांधव तिला ओळखतात. आपल्या नातवंडांसही ती ओळखता यावी. ज्ञान ज्याच्यापाशी असेल त्याच्यापाशी जाऊन नम्रपणे विचारावे, हा ओर्तांचा धडा आपण गिरवावा आणि श्रींनी ती सद्बुद्धी सर्वांस द्यावी, एवढीच प्रार्थना.