दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (१० जानेवारी १८९६ – १७ एप्रिल १९९०) हे मराठी कवी आणि कलावस्तूंचे संग्राहक होते. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्यांनी एकट्याच्या हौसेतून उभ्या केलेल्या संग्रहाचे आजचे रूप होय. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिली. मात्र आज त्यांचे नाव मुख्यतः संग्राहक म्हणूनच घेतले जाते.

संग्रहाची सुरुवात

केळकरांच्या घरचा व्यवसाय चष्म्यांच्या दुकानाचा होता. संस्थानिकांसारखी संपत्ती किंवा सरकारी संशोधन-खात्याचे पाठबळ त्यांच्यामागे नव्हते. १९२० च्या सुमारास त्यांनी पुण्यातील जुन्या सरदार घराण्यांकडच्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. पेशवाई जाऊन शंभर वर्षे लोटली होती. वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या आणि माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी वजनावर मोडीत निघत होती. मोडीत गेलेली समई वितळविली जाते. तिच्यावरची कारागिरी पुन्हा मिळत नाही. केळकरांच्या खरेदीमागची निकड या परिस्थितीतून आलेली दिसते. पुढे ते महाराष्ट्राबाहेर, विशेषतः गुजरात, राजस्थान व दक्षिण भारतातही वस्तूंच्या शोधात फिरले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामात सतत साथ होती.

संग्रहाचे स्वरूप

त्या काळात कलासंग्रह म्हटले की शिल्पे, लघुचित्रे, नाणी, शस्त्रे यांकडे लक्ष जाई. केळकरांच्या संग्रहातही चित्रे व शस्त्रे आहेत. पैठणच्या चित्रकथींचा त्यातील संच तर विशेष महत्त्वाचा मानला जातो. परंतु संग्रहाला खरी ओळख मिळाली ती घरगुती वापराच्या वस्तूंमुळे. अडकित्ते, पानदाने, चुनाळी, समया, लामणदिवे, दौती, कुलुपे, हुक्के, फण्या, स्वयंपाकघरातील उपकरणे, वाद्ये, कोरीव दारे व खिडक्या अशा वस्तू त्यांनी जमविल्या. यातील बहुतेकांच्या कर्त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही.

अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे. त्याला पोपटाचा, मोराचा वा घोड्याचा आकार दिल्याने सुपारी अधिक चांगली कातरली जात नाही. पायाच्या टाचा घासण्याची वज्री ही तर न्हाणीघरातील वस्तू. तिचा तळ तेवढा खरखरीत असला की पुरे. तरीही तिच्या माथ्यावर पक्षी बसविलेला आढळतो. केसांना तेल लावण्यासाठी पोकळी ठेवलेल्या धातूच्या फण्याही या संग्रहात आहेत. गरजेपलीकडे जाऊन कारागिराने केलेली ही नक्षी हाच केळकरांच्या आनंदाचा विषय होता, असे संग्रहाच्या निवडीवरून म्हणता येते. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू त्यांनी का घेतल्या, याचे उत्तरही येथेच सापडते : दहा अडकित्ते शेजारी ठेवल्याशिवाय अकराव्याचे वेगळेपण कळत नाही.

कोथरूड येथे पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही केळकरांनी मिळविले. त्यांच्या साहाय्याने संग्रहालयात मस्तानी महालाची पुनर्रचना केलेली आहे. वस्तू जमविणाऱ्याने वास्तूचे भागच उचलून आणावेत, हे साहस हौसेच्या सामान्य मर्यादेत बसणारे नव्हते.

पुत्रशोक आणि संग्रहालय

केळकर दांपत्याचा मुलगा राजा बालवयातच मरण पावला. त्यानंतर हा संग्रह त्याच्या स्मृतीशी जोडला गेला. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ ही केळकरांची पदवी असावी असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ‘राजा दिनकर केळकर’ हे मराठी रीतीप्रमाणे मुलाचे, वडिलांचे नाव मध्ये घालून लिहिलेले, पूर्ण नाव आहे.

१९६० पर्यंत संग्रहात सुमारे १५,००० वस्तू झाल्या होत्या. राहत्या घराला एवढा पसारा पेलवणे कठीण होते. १९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि १९७५ मध्ये केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्त केला. जो संग्रह विकून मोठे द्रव्य मिळविता आले असते तो त्यांनी अखंड राहू दिला. वारसांत किंवा बाजारात त्याची फाटाफूट झाली नाही. स्त्रियांच्या प्रसाधनाच्या व नित्य वापराच्या वस्तूंसाठी तेथे स्वतंत्र दालन आहे.

वयाच्या ९४ व्या वर्षी केळकरांचे निधन झाले. संग्रहातील वस्तूंची संख्या पुढे २०,००० च्या वर गेली. जागेअभावी त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच प्रदर्शनात मांडता येतात. उरलेल्या कोठारात आहेत.