हलकेपणाचा हट्ट

११ ऑगस्ट १९५४ या दिवशी ब्रिटनच्या आकाशात दोन घटना घडल्या. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या पी-१ या विमानाने सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग ओलांडला. सूर न मारता, सपाट रेषेत ध्वनीपुढे जाणारे ते पहिले ब्रिटिश विमान. त्याच दिवशी फॉलंड नावाच्या एका लहान कंपनीचे मिज हे विमान पहिल्यांदा उडाले. एक आडदांड, एकावर एक अशी दोन इंजिने पोटात घेतलेले; दुसरे इतके चिमुकले की खेळणे वाटावे. दोन्हींची मूळ कल्पना मात्र एकाच माणसाच्या डोक्यातून आलेली. त्याचे नाव विल्यम एडवर्ड विलोबी पेटर, ओळखीच्यांत टेडी पेटर.

शेतातल्या पंपाला लावायची पेटर बनावटीची इंजिने जुन्या वाचकांना आठवत असतील. तेच हे घराणे. टेडीचे वडील सर अर्नेस्ट पेटर यांनी इंग्लंडमध्ये यॉव्हिल येथे इंजिनांचा कारखाना वाढवला आणि त्यातूनच पहिल्या महायुद्धात वेस्टलंड ही विमान कंपनी निघाली. १९०८ मध्ये जन्मलेला टेडी केंब्रिजला शिकून १९२९ मध्ये तिथे रुजू झाला आणि तिशीच्या आत तांत्रिक संचालक झाला. मालकाचा मुलगा म्हणून नाराजी झालीच. पण पहिल्याच मोठ्या कामात त्याने एक शहाणपण केले. सैन्यासाठी टेहळणी विमान करायचे होते. कागदावर रेघ ओढण्याआधी तो वैमानिकांना जाऊन भेटला, त्यांना नेमके काय हवे ते विचारले. खाली नीट दिसायला हवे, अगदी संथ उडता यायला हवे, आखूड शेतात उतरता यायला हवे. त्यातून लायसँडर झाले. पुढे महायुद्धात रात्रीच्या अंधारात जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या माळावर हेर उतरवायला आणि परत आणायला हेच विमान कामी आले.

त्यानंतरच्या व्हर्लविंडने त्याला वेगळा धडा दिला. विमान देखणे आणि वेगवान होते, पण त्याचे इंजिन बनवणाऱ्यांनी दुसऱ्या कामांना प्राधान्य दिले आणि शंभराच्या थोडे पुढे जाऊन उत्पादन थांबले. इंजिन नाही तर विमान नाही, हे विमानरचनाकाराचे कायमचे दुखणे आहे.

१९४४ मध्ये तो वेस्टलंड सोडून इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये गेला. तिथे त्याने कॅनबेरा हे जेट बाँबफेकी विमान केले. आपल्या हवाई दलाने ते २००७ पर्यंत वापरले, यावरून त्याच्या पायाची मजबुती कळते. त्यानंतर ध्वनिवेगापलीकडे जाणाऱ्या पी-१ ची आखणी सुरू झाली. पंख ६० अंशांनी मागे वळवलेले, शेपटीचा आडवा पंख खाली. सरकारी तज्ज्ञांना तो वर हवा होता. वाद इतका चिघळला की केवळ तो मिटवण्यासाठी शॉर्ट कंपनीकडून वेगळे प्रायोगिक विमान बांधून घ्यावे लागले. पेटरचेच बरोबर निघाले. पण निकाल लागला तेव्हा तो कंपनीत नव्हता.

पेटर लाजाळू आणि मानी होता. लोकांत मिसळणे त्याला जमत नसे, आणि आपल्या रचनेत दुसऱ्याने बोट घातलेले तर मुळीच खपत नसे. नमुना विमाने बांधायला आपल्या हाताखाली स्वतंत्र कार्यशाळा हवी, यावरून बिनसले आणि १९५० मध्ये तो निघून गेला. पी-१ चे लायटनिंग पूर्ण केले ते फ्रेडी पेज यांनी. हाती घेतलेले ऐन रंगात आल्यावर सोडून जायचे, ही त्याची खोड मला आजही अनाकलनीय वाटते.

मात्र फॉलंडमध्ये त्याने जे केले, ते त्याचे सर्वात स्वतःचे काम. त्या काळात प्रत्येक नवे लढाऊ विमान आधीच्यापेक्षा जड आणि महाग होत चालले होते. पेटरने याचे मूळ गणितात शोधले. विमानात एक किलोचे उपकरण वाढवले, की ते उचलायला पंख थोडा मोठा लागतो. मोठ्या पंखाला हवेचा विरोध जास्त, म्हणून इंजिन दणकट लागते. दणकट इंजिनाला इंधन जास्त, इंधनाला टाक्या मोठ्या, आणि हे सगळे पेलायला सांगाडा भक्कम. फिरून पुन्हा पंखावर येतो. एका किलोचे शेवटी कित्येक किलो होतात. मग हेच चक्र उलटे का फिरवू नये? एक किलो काढला, तर पाठोपाठ कितीतरी किलो आपोआप गळतील.

मिज हे त्याचे प्रात्यक्षिक होते. त्यातले व्हायपर इंजिन तर मुळात नेमबाजीच्या सरावात पाडायच्या मानवरहित विमानासाठी, म्हणजे एकदा वापरून फेकण्यासाठी केलेले! तरीही सूर मारताना हे विमान ध्वनीच्या पुढे गेले. तेरा महिन्यांनी ते कोसळले आणि त्यात वैमानिक गेला. पण तोवर ब्रिस्टल कंपनीचे ऑर्फियस इंजिन तयार होते, आणि ते बसवलेला मिजचा थोरला भाऊ, नॅट, १८ जुलै १९५५ रोजी उडाला होता.

नॅटचे रिकामे वजन सुमारे २,२०० किलो. त्याच पिढीतले हंटर ६,४०० किलोंच्या आसपास. पंखांची रुंदी पावणेसात मीटर. चाकांच्या झडपा अर्धवट उघडल्या की त्याच हवेतला ब्रेक होत. वेगळा ब्रेक नको. सरळ उड्डाणात ते ध्वनिवेगाच्या किंचित खाली राही, सुरात मात्र तो ओलांडी. ३० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि इतके लहान अंग, की शत्रूला ते दिसणेच कठीण.

ब्रिटनने लढाऊ म्हणून ते घेतले नाही. मोठे करून, दोन आसनांचे प्रशिक्षण विमान म्हणून घेतले. लढाऊ नॅट खऱ्या अर्थाने स्वीकारले भारताने. १९५६ मध्ये करार झाला आणि बेंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे पुढच्या एचएएलमध्ये, ते बनू लागले. १९६५ च्या युद्धात त्याने पाकिस्तानच्या सेबरशी झुंज घेतली. १९७१ मध्ये श्रीनगरवर हल्ला चालू असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊनच वर झेपावले आणि एकटे लढताना धारातीर्थी पडले. हवाई दलाचे एकमेव परमवीरचक्र ते.

हलकेपणाची किंमतही हवाई दलाने मोजली, हे सांगितलेच पाहिजे. सगळे दाटीवाटीने बसवलेले, त्यामुळे बिघाड शोधणे जिकिरीचे. तोफा अडकत, शेपटीचे नियंत्रण आणि हायड्रॉलिक्स दगा देत. एचएएलने पुढे अजीत काढले, ते याच उणिवा भरून काढण्यासाठी.

पेटरने हे काही पाहिले नाही. १९५९ मध्ये सरकारी धोरणापोटी छोट्या कंपन्या मोठ्यांत विलीन होऊ लागल्या, फॉलंडही हॉकर सिडलीकडे गेली. पन्नाशी नुकती ओलांडलेला हा माणूस उठला, आणि विमानाचे नावही न काढता पत्नीसह स्वित्झर्लंडमधल्या एका धार्मिक समूहात राहायला गेला. नंतर ते फ्रान्समध्ये आले. मे १९६८ मध्ये बेरूझ या गावी तो वारला. तेव्हा बेंगळूरच्या कारखान्यात नॅटची बांधणी चालूच होती.