प्याद्यांचा कैवारी : फिलिदोर

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात बुद्धिबळाचा एक जुना लाकडी संच आहे. मी प्रथम वर्षाला आलो तेव्हा त्यातले एक काळे प्यादे हरवलेले होते आणि त्या घरात बाटलीचे बूच ठेवून आम्ही खेळत असू. माझे वडील सुतार आहेत. पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय, लाटणी असे कातकाम ते करतात. एका शनिवारी मी नमुन्यासाठी एक प्यादे घरी नेले. वडिलांनी शिसवीचा तुकडा कातावर चढवला आणि अर्ध्या तासात प्यादे तयार करून दिले.

ते पाहून जिमखान्याच्या सरांनी मला जुन्या बुद्धिबळ-संचांच्या छायाचित्रांचे एक इंग्रजी पुस्तक वाचायला दिले. त्यातल्या एका फ्रेंच संचाचे नाव होते रेजांस. मी ते चित्र वडिलांना दाखवले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण लाकूड वाचता येते. चित्र पाहताच ते म्हणाले की यातली सगळी मोहरी कातावरची आहेत, हाताने कोरले आहे ते फक्त घोड्याचे तोंड. खाली छापलेल्या माहितीत नेमके हेच लिहिले होते! उंच, सडपातळ मोहरी, राजाच्या डोक्यावर क्रूसाऐवजी गोलसर बोंड, उंटाच्या डोक्याला इंग्रजी संचात असते ती तिरकी खाच नाही, ही अशा संचांची ओळख. पांढरी मोहरी बहुधा बॉक्सवूड या पिवळसर, घट्ट लाकडाची असतात. फ्रेंच लोक उंटाला उंट म्हणत नाहीत, विदूषक म्हणतात. आणि हत्तीला बुरूज. १८४९ साली लंडनमध्ये स्टाँटन नमुन्याची मोहरी विक्रीला आली. आज जगभर तीच चालतात. फ्रान्समध्ये मात्र रेजांस मोहरी त्यानंतरही कितीतरी वर्षे पटावर होती.

हे नाव पडले ते पॅरिसमधील काफे द ला रेजांस या कॉफीगृहावरून. त्या कॉफीगृहाचे नाव ज्याच्यामुळे जगभर झाले, त्या माणसाची ही कथा आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. आज संग्राहकांकडे जे रेजांस संच दिसतात, ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातले, म्हणजे या माणसाच्या मृत्यूनंतरचे. म्हणून एखाद्या संचावर त्याचे नाव सांगून कोणी किंमत वाढवली, तर घेणाऱ्याने सावध राहावे हे बरे.

फ्रांस्वा-आंद्रे दानिकाँ फिलिदोर याचा जन्म ७ सप्टेंबर १७२६ रोजी पॅरिसच्या पश्चिमेकडील द्रो या गावी झाला. घराणे राजदरबारी वादकांचे. वडील चौदाव्या लुईच्या संगीत-ग्रंथालयाचे रक्षक होते. मुलगा झाला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, आणि मुलगा चार वर्षांचा होण्यापूर्वीच ते वारले. सहाव्या वर्षी या पोरक्या मुलाला व्हर्सायच्या राजप्रार्थनामंदिरातील गायकवृंदात घेण्यात आले. तेथे कांप्रा या नामवंत संगीतकाराकडे त्याचे शिक्षण झाले.

प्रार्थनेची वेळ होईपर्यंत वादक-गायकांना ताटकळत बसावे लागे. पत्ते खेळण्यास बंदी होती, बुद्धिबळास नव्हती. मोठी माणसे खेळत आणि हा मुलगा जवळ उभा राहून पाहत असे. पाहता पाहताच तो खेळ शिकला आणि एके दिवशी एका वयस्क वादकाला त्याने हरवले, अशी हकीकत सांगतात. कोणी हाताला धरून न शिकवता, मोठ्यांच्या मागे उभे राहून शिकणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. वडिलांच्या कातापाशी मी तसाच उभा राहत असे.

आवाज फुटल्यावर, १७४० च्या सुमारास, फिलिदोर पॅरिसला आला. संगीताच्या नकला करून देणे आणि शिकवण्या घेणे हा पोटाचा उद्योग. पण पाय वळत ते काफे द ला रेजांसकडे. तेथे लेगाल हा फ्रान्समधला सर्वश्रेष्ठ खेळाडू बसत असे. सुरुवातीला लेगाल स्वतःचा एक हत्ती काढून ठेवून या मुलाशी खेळे. दोन-तीन वर्षांत ही सवलत संपली आणि दोघे बरोबरीने खेळू लागले. मात्र शिकवण्या बुडाल्या आणि शिष्य दुसरीकडे गेले. १७४४ मध्ये अठराव्या वर्षी त्याने पटाकडे न पाहता एकाच वेळी दोन डाव खेळून दाखवले.

पुढच्याच वर्षी एका संगीत-दौऱ्यासाठी तो हॉलंडला गेला. ज्या बालकलावतीवर कार्यक्रमांची भिस्त होती, ती वारली आणि दौरा मोडला. परक्या मुलुखात, खिशात पैसा नाही, वय एकोणीस! मी हे वाचले तेव्हा माझेही वय तेच होते, म्हणून हे पान मी दोनदा वाचले. त्याने बुद्धिबळ आणि सोंगट्यांचा पोलिश डाव खेळून व शिकवून पोट भरले. १७४७ मध्ये लंडनला त्याची गाठ अलेप्पोच्या फिलिप स्तामाशी पडली. दहा डावांत पहिली खेळी स्तामाची, आणि बरोबरी झाली तर तीही स्तामाचा विजय धरायची अशा अटी होत्या. एवढे देऊनही फिलिदोरने आठ डाव जिंकले.

१७४९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचा बुद्धिबळाच्या विश्लेषणाचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. वर्गणीदारांत ब्रिटिश लष्करी अधिकारी पुष्कळ होते. ड्यूक ऑफ कंबरलंडने एकट्याने पन्नास प्रती घेतल्या. त्या काळी नावाजलेले खेळाडू मोठी मोहरी बाहेर काढून राजावर झडप घालत. प्यादी ही वाट मोकळी करण्यासाठी बळी द्यायची वस्तू. फिलिदोरने पटाकडे खालून पाहिले. प्यादी हीच खेळाचा प्राण आहेत, ती कशी मांडली यावर हल्ला आणि बचाव दोन्ही ठरतात, हे त्याने संपूर्ण डाव देऊन आणि खेळीमागची कारणे लिहून पटवले. एकटे पडलेले प्यादे दुबळे असते. शेजारी शेजारी उभी राहिलेली प्यादी एकमेकांना सांभाळत पुढे जातात. त्याच्या नावाच्या बचावातही राजापुढच्या प्याद्याला आधार द्यायला वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकते. डावाच्या शेवटी एकाकडे हत्ती व प्यादे आणि दुसऱ्याकडे नुसता हत्ती उरला, तर दुबळ्या बाजूने आपला हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत रोखून धरावा, आणि प्यादे त्या ओळीत आले की हत्ती दूर मागे नेऊन शह देत राहावे, म्हणजे डाव बरोबरीत सुटतो. १७७७ च्या आवृत्तीतली ही युक्ती खेळाडू आजही शिकतात.

पण फिलिदोर स्वतःला संगीतकार समजत असे, हे आपण विसरता कामा नये. १७५४ मध्ये तो पॅरिसला परतला आणि १७५९ पासून त्याच्या विनोदी संगीतिका रंगभूमीवर आल्या. १७६४ च्या एका संगीतिकेनंतर प्रेक्षकांनी त्याला रंगमंचावर बोलावून गौरविले. १७६५ मध्ये टॉम जोन्स पडली; संहिता दुरुस्त करून पुन्हा केली तेव्हा ती गाजली. १७६० मध्ये त्याने एका गायिकेशी विवाह केला. पुढे सात मुलांचा संसार झाला. घराण्याची विद्या एकीकडे आणि स्वतःचा छंद दुसरीकडे, या दोहोंपैकी एक निवडा असे त्याला पुष्कळांनी सांगितले असेल. त्याने दोन्ही सांभाळली, आणि दोहोंनी मिळून त्याचे घर चालवले.

१७७५ पासून तो दरवर्षी काही महिने लंडनच्या पार्स्लो क्लबमध्ये खेळायला व शिकवायला जाऊ लागला. १७८३ मध्ये तेथे त्याने न पाहता एकाच वेळी तीन डाव खेळून लोकांना थक्क केले. असल्या कसरतीने बुद्धी गमावून बसाल, अशा अर्थाचे कळकळीचे पत्र तत्त्वज्ञ दिदरोने त्याला १७८२ मध्येच लिहिले होते. फिलिदोरने ऐकले नाही. घरात पैसा लागत होता.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९२ च्या अखेरीस तो नेहमीप्रमाणे लंडनला गेला. १७९३ मध्ये फ्रान्स व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आणि देश सोडून गेलेल्यांच्या यादीत त्याचे नाव चढले. ज्याने प्याद्यांना मान दिला, त्याला साध्या माणसांच्या नावाने झालेल्या राज्यात पाऊल टाकता येईना. पत्नी व मुले पॅरिसमध्ये, हा लंडनमध्ये. मृत्यूच्या दोनच महिने आधीही तो न पाहता डाव खेळत होता. ३१ ऑगस्ट १७९५ रोजी, अडुसष्टाव्या वर्षी, त्याने परदेशात प्राण सोडला.

ही कथा मी एका रविवारी वडिलांना सांगितली. बारावीनंतर मी दुकानात बसावे अशी त्यांची इच्छा होती. बी. ए. करून काय मिळणार, असे शेजारी अजून विचारतात आणि मला नीटसे उत्तर देता येत नाही. वडिलांनी हातातले काम थांबवून शेवटपर्यंत ऐकले. त्याच्या बुद्धिबळाविषयी त्यांनी काही विचारले नाही. त्याची बायकामुले मागेच राहिली का, एवढेच विचारले. मी हो म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग येत्या सुट्टीत पट घरी घेऊन ये, असे म्हणाले. प्यादे केले, पण ते चालते कसे हे आपल्याला अजून कोणी दाखवलेले नाही.

— द्वितीय वर्ष, बी. ए.